गुपित एकच, बाके दोन

६ मार्च २०१९ रोजी केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की, राफेल विमानखरेदीसंबंधी 'द हिंदू'ने छापलेली कागदपत्रे चोरीची आहेत. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाचाही धाक घातला. तेव्हा पलूसच्या वाचनालयात विरोधी कार्यकर्ते वृत्तपत्राच्या निर्भयतेचे गोडवे गात होते आणि भाजपचे स्नेही देशद्रोहाची भाषा बोलत होते. दोन वर्षे लोटली. २३ मार्च २०२१ रोजी विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पोलिसांच्या बदल्यांसंबंधीचा राज्य गुप्तवार्ता विभागाचा गोपनीय अहवाल पत्रकारांपुढे आणला. आता महाविकास आघाडीच्या राज्यात त्याच अधिनियमाखाली गुन्हा नोंदला गेला. वाचनालयातील माणसे तीच. त्यांनी फक्त बाके बदलली! त्या अदलाबदलीत प्रस्तुत लेखकही होता, हे कबूल केले पाहिजे.

गुपित फोडणारा ते फुकट देत नाही, एवढे अर्थशास्त्राच्या जुन्या शिक्षकास कळते. त्याचा हेतू शुद्ध असावा, ही अटच अवास्तव आहे. प्रश्न छापणाऱ्याचा आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'हिंदू'ने प्रसिद्ध केलेल्या टिपणात पंतप्रधान कार्यालयाच्या समांतर वाटाघाटींवर संरक्षण मंत्रालयाचा आक्षेप होता. त्याच कागदावर तत्कालीन मंत्री मनोहर पर्रीकर यांनी हा आक्षेप अतिरेकी वाटतो, अशा आशयाचा शेरा लिहिला होता. पहिल्या बातमीत तो नव्हता. बातमी त्याने खोटी ठरली नाही. परंतु शेऱ्यासह छापली असती, तर सरकारच्या हाती आयते कोलीत मिळाले नसते. १० एप्रिलला न्यायालयाने कागदपत्रांवरील केंद्राचा आक्षेप फेटाळला, हे आपण सभांतून सांगितले. नोव्हेंबरमध्ये त्याच न्यायालयाने पुनर्विलोकन याचिकाही फेटाळल्या, हे मात्र कितीदा सांगितले?

मुंबईचे प्रकरण वेगळे आहे, कारण तेथे मुळात चोरून ऐकलेली संभाषणे होती. खरेदीची फाइल जनतेची; दूरध्वनीवरील बोलणे माणसाचे. म्हणून तेथे अधिक निवड, अधिक संयम हवा होता. पण त्यासाठी गुपिते अधिनियम हा उपाय कसा? जून २०२२ मध्ये सरकार बदलले, तपास सीबीआयकडे गेला आणि गुन्ह्याचे गांभीर्यच ओसरले.

कर्झनने १९०४ साली हा कायदा कडक केला, तेव्हा कायदेमंडळात गोखल्यांनी त्यास विरोध केला होता. २००६ साली दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने तो रद्द करण्याची शिफारस केली. त्यानंतर केंद्रात दोन्ही बाजूंची सरकारे आली. कोणीही त्यास हात लावला नाही, आणि आपल्या तालुक्यात मते मागायला आलेल्या एकाही उमेदवाराला आपण त्याबद्दल विचारले नाही.