‘तो सगळ्यांशीच असं बोलतो’

आमच्या टीममध्ये शिव्यांशिवाय रिलीज होत नाही. बिल्ड फेल झालं की सर्व्हरच्या आईचा उद्धार होतो, आणि त्यात मीही मागे नसतो. चार वर्षं इंजिनिअरिंग हॉस्टेलवर काढलेल्या माणसाकडून वेगळी अपेक्षा करू नका.

एका रात्री प्रॉडक्शन पडलं. सगळे कॉलवर. टीममधली एकुलती एक मुलगी लॉग वाचत होती. लीड म्हणाला, "हिला रात्रभर जागायची सवय दिसते. कोण जागवतं गं?" सात जण हसले. त्या सातांत मी होतो.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला स्पष्ट सांगितलं, हे मला चालणार नाही. आमचं उत्तर तयार होतं: तो सगळ्यांशीच असं बोलतो.

साफ खोटं. मला ‘कोण जागवतं’ असं त्याने कधीच विचारलेलं नाही. सर्व्हरला हासडलेली शिवी घाणेरडी असेल, पण तेवढ्याने तो लैंगिक छळ होत नाही. २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात सहकारी महिलेच्या केसांवरचा शेरा आणि गुणगुणलेलं गाणंसुद्धा लैंगिक छळ मानलं नव्हतं. तेव्हा ‘आता ऑफिसात तोंड उघडायचीच चोरी’ हे रडगाणं बंद करा. पण बोलणं एखादीच्या शरीराकडे, तिच्या रात्रींकडे वळलं की गोष्ट बदलते. २०१३च्या कायद्याच्या व्याख्येत लैंगिक अर्थाचे शेरे येतात, थेट मारलेले आणि आडून मारलेलेही. बोलणाऱ्याचा हेतू त्या व्याख्येत कुठेच नाही. ‘नकोसं’ मात्र आहे, आणि नकोसं काय ते ऐकणारीलाच माहीत असतं. इथे तर तिने ते सांगितलंही होतं!

"तीसुद्धा शिव्या द्यायची की!" हा आमचा हुकमी एक्का. द्यायची ना. सर्व्हरला. त्यातून लीडला तिच्या अंथरुणाची चौकशी करायची परवानगी कशी मिळते, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

दहा किंवा जास्त कर्मचारी असले की अंतर्गत समिती असावीच लागते. आमच्याकडेही होती, तिचं पोस्टर कॉफी मशीनच्या वर होतं. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत असते. पण तक्रार केली तर साक्षीदार कोण? हसलेले सात जण.

दुसऱ्याच महिन्यात तिने राजीनामा दिला. एक्झिट फॉर्मवर कारण काय लिहिलंस, असं मी विचारलं.

"बेटर अपॉर्च्युनिटी," ती म्हणाली, आणि लॅपटॉप जमा करायला गेली.