पट्टी सगळ्यांना एकच हवी



आजचा विषय वाचून आमच्या घरातले सगळे हसणार आहेत. मी आयुष्यात कधी गळ हातात धरलेला नाही. मासा मला ओळखता येतो तो ताटात आल्यावर! आणि असा हा माणूस अमेरिकेतल्या बास माशांच्या स्पर्धांवर लिहायला बसलाय. पण आयुष्यभर मास्तरकी केली. त्यामुळे नियम आणि नियमातून दिलेली सूट ह्या दोन गोष्टींवर बोलायचा मला थोडाफार हक्क आहे, असं मी समजतो.

झालं असं, की आम्ही दोघं लेकीकडे डॅलसला गेलो होतो. एका शनिवारी जावई आणि नातू लेक फोर्क नावाच्या तलावावर मासे धरायला निघाले, मलाही गाडीत बसवलं. हा तलाव बास माशांसाठी प्रसिद्ध आहे. टेक्सासचा विक्रमी बास, १८.१८ पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलोंचा, १९९२ साली इथेच मिळाला. (इंग्रजीत आपल्या जिताड्यालाही सी-बास म्हणतात, पण हा तो नव्हे. हा गोड्या पाण्यातला, मोठ्या तोंडाचा, भारी ताकदीचा मासा.)

दुपारी नातवाच्या गळाला मासा लागला. पोरगं आनंदानं थरथरत होतं. जावयांनी पट्टी लावली, एकोणीस इंच. आणि म्हणाले, "सोडून दे." लेक फोर्कचा नियम असा, की सोळा इंचांपेक्षा लहान बास ठेवता येतो, चोवीस किंवा त्याहून मोठा दिवसाला एक ठेवता येतो, पण मधल्या मापाचा लगेच पाण्यात सोडायचा. मधले मासे वाढावेत, अंडी घालावीत, त्यातून उद्याचे मोठे मासे तयार व्हावेत, हा हेतू. नातवाचे डोळे भरून आले, पण त्यानं मासा सोडला. मला त्याचा फार अभिमान वाटला.

संध्याकाळी टीव्हीवर फ्लोरिडातल्या एका जुन्या स्पर्धेचं चित्रण लागलं होतं. एक स्पर्धक व्यासपीठावर आला, पिशवीतून एकामागून एक पाच दांडगे बास काढले, दोन हातांत दोन धरून उंच केले. टाळ्या! जावई सहज म्हणाले, "फ्लोरिडात साध्या माणसाला दिवसाला पाच बास ठेवता येतात, पण त्यात सोळा इंच किंवा त्याहून मोठा एकच. स्पर्धेला मात्र परवाना काढून सूट मिळते." नातवानं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग आजोबा, ह्यांना पट्टी नाही का?"

मला उत्तर देता आलं नाही. मंडळी, तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. जावयांना छळून छळून माहिती विचारली, जमेल तेवढं वाचलं. आता माझं मत पक्कं झालंय. ही सूट बंद व्हायला हवी.

आधी दुसरी बाजू प्रामाणिकपणे मांडतो. फ्लोरिडाचा हा नियम २०१६ सालचा. सूट घेणाऱ्या स्पर्धेवर अट असते, की वजन झाल्यावर सगळे मासे जिवंत सोडायचे. म्हणजे मासा खायला नेलेला नाही, काही तासांपुरता उसना घेतला. आणि ह्या स्पर्धावाल्यांचे उपकारही आहेत. रे स्कॉट नावाच्या अलाबामाच्या विमा एजंटानं १९६७ साली आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर पहिली मोठी स्पर्धा भरवली. त्याच माणसानं १९७२ पासून पकडलेला मासा मारू नका, सोडा, असा आग्रह धरला. आज अमेरिकेत हौशी लोकसुद्धा बास सहजपणे सोडून देतात, त्याचं बरंच श्रेय त्याला जातं. हे मी नाकारत नाही.

पण "जिवंत सोडला" म्हणजे "जगला" असं नाही ना! मासा सकाळी आठला पकडला, तर तो होडीतल्या पाण्याच्या टाकीत दुपारपर्यंत हिंदकळत राहतो. होडी सुसाट धावते. मग पिशवी, मग रांग, मग काटा, मग फोटो. पाणी गरम असेल तर अशा माशांची मरतूक वाढते, हे शास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा दाखवलंय. आणि बरेच मासे काट्यावर जिवंत असतात, मरतात नंतर, दोन-चार दिवसांनी. काट्यावर मेलेला मासा दिसला तर स्पर्धकाचे काही औंस कापतात. परवा मेलेल्याचं काय कापणार?

शिवाय मासा पकडला तलावाच्या एका टोकाला आणि सोडला धक्क्यापाशी. विणीच्या दिवसांत बासचा नर उथळ पाण्यात घरटं करून अंड्यांची राखण करतो. त्याला उचलून नेलं, की ब्लूगिलसारखे छोटे मासे अंडी-पिल्लं फस्त करतात. तो नर दूरच्या धक्क्यावर जिवंत सोडला, म्हणून घरटं थोडंच वाचतं? आणि खूप मोठे बास बहुतेक माद्या असतात. मापाचा नियम ज्यांना जपायला केला, स्पर्धेला नेमके तेच हवे असतात!

"मग वजन कसं करायचं?" असं कोणी विचारेल. ह्याचं उत्तर मला त्याच लेक फोर्कवर सापडलं. २०१९ साली तिथे व्यावसायिकांची मोठी स्पर्धा झाली. होडीत पंच बसवले. मासा पकडला, तिथेच तोलला, तिथेच सोडला. चोवीस इंचांवरचा एक मासा नियमातच बसतो, म्हणून तेवढा व्यासपीठावर आणायची मुभा होती. जिंकणाऱ्या ब्रँडन कॉबनं चार दिवसांत ११४ पौंडांचे मासे धरले. स्पर्धेचा रंग कुठे कमी झाला? त्याच वर्षी मेजर लीग फिशिंगनं आपली नवी व्यावसायिक मालिका सुरू केली, तीही ह्याच पद्धतीनं. म्हणजे खेळ नियमात बसवता येतो. मग नियमानंच खेळापुढे का वाकावं?

कोणी म्हणेल, छोट्या गावातल्या क्लबला प्रत्येक होडीत पंच कुठून परवडणार? खरं आहे. पण कयाकवाले स्पर्धक काय करतात बघा. मासा मोजपट्टीच्या फळीवर ठेवायचा, त्या दिवसाचं ठरलेलं चिन्ह शेजारी ठेवून मोबाईलवर फोटो काढायचा, मासा सोडायचा. इंचांची बेरीज करून निकाल. ह्याला कितीसा खर्च येतो? एक फळी आणि खिशातला फोन!

"पण त्यात लबाडी होईल." होईलही. पण काठावर आणून तोललं म्हणजे लबाडी थांबते का? २०२२ साली ओहायोत लेक एरीच्या स्पर्धेत जिंकायला आलेल्या वॉलाय माशांच्या पोटातून शिशाचे गोळे निघाले. ते मासे काठावरच, सगळ्यांच्या देखत तोललेले होते.

आता राहिला एकच मुद्दा, गर्दी आणि व्यासपीठ. मोठा मासा डोळ्यांनी बघायला लोक येतात, गावातली हॉटेलं चालतात, प्रायोजक पैसे देतात. हेच खरं कारण असेल तर तसं सरळ म्हणावं. त्यावर माशांच्या भल्याचं पांघरूण घालू नये.

सूट मुळातच वाईट, असं माझं म्हणणं नाही. आपल्याकडे पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारी बंद असते, तेव्हा बिगरयांत्रिक होड्यांना त्यातून सूट असते. ती मला पटते. ज्याच्या हातात वल्हं आहे, तो समुद्र कितीसा ओरबाडणार? आणि त्याची चूलही पेटायला हवी. ही सूट दुबळ्याला दिलेली. फ्लोरिडातली सूट कोणाला? ज्याच्याकडे मोठी होडी आहे, भारी इंजिन आहे, अंगावरच्या सदऱ्यावर दहा कंपन्यांची नावं आहेत, त्याला! काठावर बादली घेऊन बसलेल्या, घरी न्यायला चार मासे मिळाले तर बरे म्हणणाऱ्या माणसाला मात्र पट्टी लागू.

आमच्या शाळेच्या वाचनालयात चपला बाहेर काढायचा नियम होता. एकदा पाहुणे आले आणि बुटांसकट आत गेले. आम्ही शिक्षक गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी पाचवीतला एक मुलगा चपला घालून आत आला. मी रागावलो, तर म्हणाला, "सर, काल चालत होतं." त्याला मी उत्तर दिलं नाही, नुसतं बाहेर काढलं. ते आजही मला सलतं. सूट दिली, की नियम मोडतो तो पाहुण्यांच्या मनातला नाही, पाचवीतल्या मुलाच्या मनातला. त्याला वाटायला लागतं, की नियम फक्त आपल्यासारख्यांसाठी असतात.

महाराष्ट्रानंही सप्टेंबर २०२३ मध्ये समुद्रातल्या ५४ जातींच्या माशांची किमान मापं ठरवून दिली. चांगलं झालं. पण कुठलाही नियम आला, की पाठोपाठ सूट मागणारे येतातच. तेव्हा एवढंच विचारायचं: मागणारा दुबळा आहे, की नुसता वजनदार?

नातवाला मी परवा फोनवर सांगितलं, "बाळा, पट्टी त्यांनाही असायला हवी. ती नाही, ही चूक त्यांची. तू सोडलास ते बरोबरच केलंस." तो म्हणाला, "मला माहितीये आजोबा. पुढच्या वर्षी तो मासा चोवीस इंचांचा झाला असेल."

एका वर्षात तेवढा वाढत नाही हो, असं जावई मागून म्हणत होते. असो. वाढू दे त्याला सावकाश.

ज्यांना पटलं नसेल त्यांनी जरूर भांडा. मी आहेच.