पायथॉन शिकताना आधी काय, मग काय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकायचं तर मराठीत काहीच नाही, असं आपण सर्रास म्हणतो. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मात्र मराठीतूनही पाठ आहेत. साधारण १० मिनिटांचा पाठ. बघायचं, थांबवायचं, लगेच स्वतः करायचं. या पाठाआधी काय यायला हवं, तेही सुरुवातीलाच सांगतात. मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

आपण काय करतो? व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंकांचा ढीग टाकतो. नवखं पोरगं त्यातली नेमकी ‘फंक्शन’ची लिंक उघडतं, अन् “सर, मला नाही जमत” म्हणून उठतं. त्यापेक्षा पाचच लिंका द्या, पण क्रमानं. आधी स्क्रीनवर स्वतःचं नाव छापणं, मग बेरीज, मग अट, मग लूप, फंक्शन त्यानंतर. पालकांनो, घरी विचारताना “किती पाहिलंस?” असं नको, “काय चालवून पाहिलंस?” असं विचारा.