आधी जवानाच्या रानात पाभर

कारगिलचा विषय निघाला की लोकांना टायगर हिल आठवतो. मला 1999 चा जून आठवतो तो पेरणीमुळे. तेव्हा मी सातारा जिल्ह्यात टपाल वाटायचो. फौजेत माणूस नाही असं घर आमच्याकडं विरळाच. इथल्या अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. एरवी पेरणीला सुट्टी काढून येणारी पोरं त्या साली आली नाहीत.

एका घरी जवानाचं अंतर्देशीय पत्र पोचवलं. त्याच्या आईनं मलाच वाचायला लावलं. लढाईबद्दल एक ओळ नव्हती. वापसा आला का, भुईमूग कोण पेरणार, सोसायटीचं कर्ज नवं-जुनं केलं का, तुझ्या डोळ्याचं काय झालं, एवढंच. ज्या भावकीशी त्या घराचा बांधावरून वाद होता, त्यातल्याच एकानं स्वतःचं रान ठेवून आधी त्यांच्या रानात पाभर घातली. म्हातारीनं सांगितलेलं उत्तर मी लिहिलं, ‘56 एपीओ’चा पत्ता घातला. पहिलं वाक्य होतं, पेरणी उरकली, काळजी करू नको.

युद्धात नागरिकांनी काय करावं, तर हे करावं, असं माझं ठाम मत आहे. अफवा पुढं पाठवू नयेत, दिवे मालवायला सांगितले तर मालवावेत, हे आहेच. पैशाचा भारही लोक उचलतात. 1971 च्या अखेरीस पत्रावर शरणार्थी साहाय्याचं 5 पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं, ते लोकांनी मुकाट लावलं. पण जवानाच्या घरची अडचण दिल्लीहून दिसत नाही, ती गल्लीतल्यालाच दिसते.

मे 2025 मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला आणि सुट्टीवर आलेले जवान तातडीनं परत गेले, तेव्हा त्यांना ओवाळून निरोप दिला गेला. मन भरून आलं. पण सातबाऱ्यावरच्या नोंदीसाठी गेलेल्या जवानाच्या बायकोला ‘मालकांना पाठवा’ म्हणून एका कार्यालयानं परत लावलेलंही मी पाहिलंय. मालक सीमेवर, तो कसा येणार?

सुट्ट्या रद्द झाल्याचं कळताच ग्रामपंचायतीनं जवानांच्या घरांची यादी करावी. प्रत्येक घरामागं एक जबाबदार माणूस नेमावा. दवाखाना, बँक, तलाठी, सगळीकडं त्यानं सोबत जावं. आणि खरीप तोंडावर असेल तर गावातला ट्रॅक्टर आधी त्यांच्या रानात जावा. भाड्याचं नंतर बघता येईल.