आधी गच्ची, मग एसी



जादा स्टारचा एसी घेतला की बिल उतरते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे अपुरे वाटते. सिल्लोडला वरच्या मजल्यावर एसीची खरी लढत दिवसभर तापलेल्या स्लॅबशी असते. आम्ही मार्चमध्येच गच्चीला चुन्याचे दोन हात दिले, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून तट्ट्या लावला. रात्रीची धग स्पष्ट कमी झाली. आता एसी २४ अंशांवर, सोबत पंखा. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या मते तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. महावितरणचा दर १०० आणि ३०० युनिटांनंतर चढतो, म्हणजे वाचतात ती सर्वांत महागडी युनिटे. कूलर स्वस्त खरा, पण ऐन उन्हाळ्यात त्याला पाणी कुठून आणायचे?

– एक वाचक, सिल्लोड