समाजशास्त्राचा पहिला पेपर कोणाला हवा?

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात आठवडाभराच्या अंतराने दोन निर्णय झाले. आधी राज्याच्या शिक्षण मंडळाने २८ सरकारी कॉलेजांपुरता आणि मग विद्यापीठांच्या नियामक मंडळाने १२ सरकारी विद्यापीठांपुरता ‘समाजशास्त्राची मूलतत्त्वे’ हा विषय पायाभूत विषयांच्या यादीतून वगळला. त्या जागी अमेरिकेच्या इतिहासाचा अभ्यासक्रम आला. समाजशास्त्र डाव्या कार्यकर्त्यांनी ताब्यात घेतले आहे, असे राज्याच्या शिक्षण आयुक्तांचे म्हणणे होते. या वादात विद्यापीठांतल्या प्राध्यापकांच्या स्वातंत्र्याबद्दल पुष्कळ बोलले गेले आणि ते योग्यच होते. पण त्या २८ कॉलेजांकडे पाहिले पाहिजे. त्यांतली बहुतेक पूर्वी कम्युनिटी कॉलेजे म्हणूनच ओळखली जात. ज्याला पुढे समाजशास्त्र शिकायचेच नाही, त्याला या विषयाचा पहिला पेपर सर्वांत जास्त हवा असतो, आणि असा विद्यार्थी सर्वाधिक भेटतो तो याच कॉलेजांत.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचे, कमी फीचे आणि बारावीपर्यंत शिकलेल्या जवळजवळ कोणालाही दार उघडे ठेवणारे कॉलेज. १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएट इथे असे पहिले सरकारी कॉलेज निघाले आणि आज देशभरात अशी सुमारे एक हजार कॉलेजे आहेत. दिवसा दुकानात उभे राहून संध्याकाळी वर्गात येणारे तरुण, मुले शाळेत जायला लागल्यावर पुन्हा शिकायला निघालेल्या आया, नव्याने देशात आलेली कुटुंबे, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी मुले हा इथला वर्ग. यांतून पुढे परिचारिका, पोलीस, पाळणाघरांतल्या शिक्षिका आणि तंत्रज्ञ घडतात. फ्लोरिडात दोन वर्षांच्या पदवीला ६० श्रेयांक लागतात आणि पायाभूत यादीतून सामाजिक शास्त्रांतला किमान एक विषय घ्यावा लागतो. समाजशास्त्र सक्तीचे कधीच नव्हते. अर्थशास्त्र, मानसशास्त्र यांसारख्या पर्यायांतला तो एक होता. आजही त्यावर बंदी नाही, तो ऐच्छिक म्हणून घेता येतो, असे या निर्णयाचे समर्थक सांगतात. पण ज्याला प्रत्येक श्रेयांकाची फी पगारातून भरायची आहे आणि आठवड्यातले मोजके तास अभ्यासाला मिळतात, तो आधी यादीतले विषय उरकतो. यादीबाहेरचा विषय आवड म्हणून घेण्याची चैन त्याला परवडत नाही. म्हणून यादीतून नाव काढले की तो विषय आधी सुटतो तो गरीब विद्यार्थ्याच्या हातून.

त्याच्या हातून नेमके काय सुटते? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये एक साधा भेद मांडला. लाखभर वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचे कौशल्य आणि स्वभाव तपासावा. देशातल्या कोट्यवधी कामगारांत दीड कोटी बेकार असतील, तर उत्तर अर्थव्यवस्थेच्या रचनेत शोधावे लागते. पहिल्या पेपराचा गाभा एवढाच आहे: खासगी अडचण कोणती आणि सार्वजनिक प्रश्न कोणता, हे ओळखायला शिकणे. शिवाय तो नुसते मत शिकवत नाही, मत तपासायची रीत शिकवतो. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात केलेला आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग घ्या. सारखीच पात्रता दाखवणाऱ्या तरुणांना त्यांनी नोकरीसाठी अर्ज करायला पाठवले. गुन्ह्याची नोंद नसलेल्या गोऱ्या अर्जदारांपैकी ३४ टक्क्यांना पुढे बोलावणे आले, नोंद असलेल्या गोऱ्यांपैकी १७ टक्क्यांना आणि कोणतीही नोंद नसलेल्या काळ्या अर्जदारांपैकी १४ टक्क्यांना. तुरुंगात जाऊन आलेला गोरा आणि कधीच गुन्हा न केलेला काळा यांच्यात मालकांचा कल गोऱ्याकडे राहिला. हे आकडे डावे नाहीत आणि उजवेही नाहीत. कोणालाही तसाच प्रयोग पुन्हा करून ते पडताळता येतात.

विचारसरणीचा आक्षेप तरीही गंभीरपणे घेतला पाहिजे. काही वर्गांत अभ्यासाच्या जागी प्रचार होत असेल, हे शक्य आहे. काही वर्गांत व्याख्या घोकून परीक्षा दिली जाते, हे तर अमेरिकेत आणि भारतातही खरे आहे. पण चांगल्या पहिल्या पेपरात समाज टिकतो कसा हे विचारणारा दुरखाइम, समाजात संघर्ष का होतो हे विचारणारा मार्क्स आणि या दोघांपेक्षा वेगळी उत्तरे देणारा वेबर एकाच सत्रात भेटतात. एकाच प्रश्नाची तीन उत्तरे ताडून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला एकाच बाजूला ओढणे अवघड जाते. शिकवण्यात दोष असेल तर शिकवणे सुधारावे. विषयच काढून घेतल्याने पूर्वग्रह जात नाहीत, ते तपासायचे साधन मात्र जाते. इतिहासाची गरज मोठीच आहे, पण आज आपल्या मोहल्ल्यात कोणाला घर भाड्याने मिळत नाही आणि का, याचा शोध घ्यायची पद्धत इतिहासाच्या पेपरात मिळत नाही.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा: याने नोकरी मिळेल का? अमेरिकेत वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत २०१५ पासून वर्तनाच्या मानसिक आणि सामाजिक पायांवर स्वतंत्र विभाग आहे आणि त्यात सुमारे ३० टक्के भाग प्राथमिक समाजशास्त्राचा आहे. रुग्ण औषध अर्धवट का सोडतो, हे केवळ जीवशास्त्राने कळत नाही, हे वैद्यकीय शिक्षणाने मान्य केले आहे. आपल्याकडेही परिचर्या अभ्यासक्रमात समाजशास्त्र शिकवतात ते याच कारणाने. तिसरा आक्षेप असा की, सगळे खापर समाजावर फोडायची सवय लागली तर मुले प्रयत्न सोडतील. प्रत्यक्षात वाऱ्याची दिशा ठाऊक असलेला नावाडी वल्हवणे सोडत नाही, तो जोर कुठे लावायचा ते ठरवतो. अपयशाला फक्त स्वतःची नालायकी कारण आहे असे मानणारा विद्यार्थी मात्र लवकर खचतो.

महाराष्ट्राला हा वाद परका वाटू नये. भारतातला समाजशास्त्राचा पहिला विद्यापीठ विभाग १९१९ मध्ये मुंबईत सुरू झाला. पॅट्रिक गेडिस यांनी तो उभा केला आणि १९२४ पासून गो. स. घुर्ये यांनी घडवला. त्याआधी, १९१६ मध्ये, कोलंबिया विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला होता. भोगलेल्या अन्यायाला त्यांनी अभ्यासाचा विषय केले. पेजर यांच्यासारखीच पाहणी सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी भारतात केली आणि ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. पात्रता सारखी, फक्त नावे वेगळी असे अर्ज खासगी कंपन्यांकडे गेले, तेव्हा दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत सुमारे दोनतृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एकतृतीयांश. उद्या अर्जांची छाननी करणार आहेत आपली वाणिज्य, व्यवस्थापन आणि अभियांत्रिकीची मुले, आणि त्यांतल्या बहुतेकांना हे कुठल्याच वर्गात सांगितले जात नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने आपल्या शाखेबाहेरचा विषय घेण्याची वाट खुली केली आहे. तालुक्याच्या गावातल्या वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांनी त्या जागी समाजशास्त्राचा पहिला पेपर ठेवावा आणि त्यातले निम्मे गुण आपल्याच वॉर्डाच्या पाहणीला द्यावेत: पाणी कोणत्या गल्लीत किती वेळ येते, शाळा कोणाची सुटते, घर कोणाला नाकारले जाते. फ्लोरिडाने आपल्या विद्यार्थ्यांपासून जे दूर केले, ते आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती देणे आपल्याला शक्य आहे. महाविद्यालयांनी येत्या वर्षाची विषययादी ठरवताना याचा विचार करावा.