घाईची टिकटिक
माधवनगरातून बुधगावकडे वळताना जुन्या मारुती ८००चा डावा इंडिकेटर धडाधड लुकलुकायला लागला, की मालक आधी नवा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) घेऊन येतो. बहुतेक वेळा पैसे पाण्यात. एकच बाजू घाई करत असेल तर फ्लॅशर सहसा ठणठणीत असतो. पुढच्या-मागच्या २१ वॅटच्या बल्बांपैकी एक उडालेला असतो आणि वीज कमी ओढली गेल्याने लय बिघडते. (हौसेने एलईडी बसवलात तरी हेच होणार!) बल्ब चांगला निघाला तर मागचा होल्डर काढा. तळाशी हिरवट पूड, दबलेली स्प्रिंग, स्क्रूवर गंज. इंडिकेटरबरोबर टेललाइटही लुकलुकत असेल तर चोर अर्थिंगच समजा. पॉलिशपेपरने घासा, होल्डरपासून बॉडीच्या कोऱ्या पत्र्यापर्यंत तात्पुरती वायर लावून बघा. दोन्ही बाजू गप्प असल्या तर मात्र आधी फ्यूज, मग फ्लॅशर. २०१९च्या महापुरात बुडालेल्या गाडीत स्टिअरिंगखालचा स्विचही उघडून पाहिलेला बरा. गळिताच्या हंगामात तासगाव रस्त्यावर, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या असताना, रात्री नुसता हात बाहेर काढून भागत नाही.